अब्बासभाईंचा बिनविशेषणाचा भोंगा

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या अब्बासभाईंनी अख्ख्या आयुष्यात भोंग्यावरून "भव्य" हा शब्द उच्चारला नाही. "प्रचंड" नाही, "जंगी" नाही, "लाडके" तर नाहीच नाही. आणि हे कुठल्या काळात, तर रोह्याच्या पुलापासून पेणच्या एस.टी. स्टँडापर्यंत प्रत्येक भिंतीवर कुणी ना कुणी कुणाचं तरी "हार्दिक" अभिनंदन करत होतं त्या काळात. एक जुनी रिक्षा, टपावर दोन दिशांना तोंडं करून बांधलेले दोन कर्णे, मागच्या सीटवर बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायर, आणि पुढे मान जराशी तिरकी करून बसलेले सडपातळ अब्बासभाई. रिक्षा इतकी सावकाश चालवायचे की वाटेतल्या कोंबड्यासुद्धा उठायची तसदी घ्यायच्या नाहीत. रोह्यात, नागोठण्यात, गडबला, पार पेणपर्यंत कुणाला चारचौघांना काही कळवायचं असलं की माणूस अष्टमीला त्यांच्या दारात यायचा.

त्यांचा कायदा सोपा होता. कोण, कुठे, कधी. एवढंच सांगायचं. कसं, ते ऐकणाऱ्यानं जाऊन बघावं.

निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार एकदा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "अब्बासभाई, 'विराट जाहीर सभा' असं सांगायचं."

"सभा हाय ते सांगतो," अब्बासभाई म्हणाले. "विराट व्हायची का नाय, ते लोकं आल्यावर कळंल. आज कसं सांगू?"

उमेदवार चिडून दुसऱ्या भोंगेवाल्याकडे गेला. त्याच्या विराट सभेला किती माणसं होती ते मी सांगत नाही, कारण अब्बासभाईंनाही ते आवडलं नसतं. बाजारपेठेतला एक मोठा व्यापारी वारला, तेव्हा त्याच्या मुलांना बापाच्या नावामागे "दानशूर" हवं होतं. अब्बासभाईंनी नाव सांगितलं, निधन झालं सांगितलं, अंत्ययात्रा कुठून आणि कधी निघेल ते सांगितलं. त्याच आठवड्यात नदीपलीकडची भाजी विकणारी एक म्हातारी गेली, तिच्यासाठीही त्याच आवाजात, तेवढेच शब्द. मुलं भांडायला आली. अब्बासभाई शांतपणे म्हणाले, "मयत मयत असतं, शेठ." मुलं आली तशी परत गेली.

घरातही तीच तऱ्हा. त्यांची बायको रशिदा कालवणात हातखंडा असलेली बाई. ती ताट वाढून विचारायची, "कसं झालंय?" हे एक घास खाऊन म्हणायचे, "गरम हाय." रशिदा शेजारणींना सांगायची, "माझा निकाह झाला तो माणसाशी नाय गो, आकाशवाणीशी झाला." पण बातमीपत्र तरी कधीमधी खोटं बोलतं, हा माणूस बोलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

या कोरड्या बोलण्याची किंमत रोह्याला कळली ती त्र्याण्णवच्या जानेवारीत. मुंबई पेटली होती. रोह्यात काही घडलं नव्हतं, पण अफवा मात्र रोज नवी यायची. दुकानांची फळकुटं अर्धी लागलेली, आया पोरांना शाळेत धाडेनात. गावातल्या शहाण्या माणसांनी बसून एक आवाहन तयार केलं. त्यात बंधुभाव होता, गौरवशाली परंपरा होती, समाजकंटकही होते. तो कागद अब्बासभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, नीट घडी करून खिशात ठेवला, आणि एकटे निघाले. रशिदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्या दिवशी मुसलमान माणसानं भोंगा घेऊन रस्त्यात फिरणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 

अब्बासभाई गल्लीगल्लीतून म्हणत गेले, "दूध आलेलं आहे. पेणची एस.टी. वेळेवर सुटली. शाळा भरलेली आहे. बाजारपेठेत दुकानं उघडी आहेत." बस. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच. "दूध आलेलं आहे." लोकांनी दारं उघडून बघितली, तर खरंच दूध आलेलं होतं. आवाहनाचा कागद नंतर पॅन्टबरोबर धुतला गेला. मला विचाराल तर त्या महिन्यात आमच्या भागात केलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

गडबच्या पुढे, हमरस्ता सोडून खाडीकडे उतरलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही. माणसं अजून आहेत, आणि गोष्ट त्यांना लाज आणण्यासाठी सांगत नाहीये. भातशेती आणि मिठागर यांवर जगणारं गाव. या खाडीकाठच्या गावांतलं लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, ज्याला धवला म्हणतात. ती गाते तेव्हा विधी पुढे सरकतो, ती थांबली की लग्न थांबतं. त्या गावची धवलारीण चंद्रावती. तिचा नवरा मिठागरावर कामाला, आणि हिचा आवाज असा की चार गावांची लग्नं तिच्या सवडीनं ठरायची.

त्याच वर्षी माघात गावकीचा प्रमुख नाथा पाटील याच्या घरी लग्न होतं. त्याचा भाऊ वारला होता, आणि त्या भावाची धाकटी मुलगी ऋतुजा हिला नाथा पाटील उजवून टाकणार होता. नाथा पाटील काही राक्षस नव्हता. भावाची जबाबदारी डोक्यावरून उतरवायची घाई झालेला, गावात शब्द चालणारा, म्हणून आपलं चुकतंय हे कुणाकडून कधी न ऐकलेला माणूस होता. चंद्रावतीला नवरी भावाची मुलगी एवढंच सांगितलं होतं, पण मोठी की धाकटी याचा घोळ ठेवला होता. ती मांडवात आली, धवला सुरू केला, आणि मुंडावळ्यांखाली बसलेली पोर बघून थांबली.

"ही पोर जन्मली तवा माझ्या मिथुनला दात येत हुते," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझा मिथुन अजून नववीत हाय. हिचं लगीन मी नाय लावणार."

आणि ती उठली. भरल्या मांडवातून धवलारीण उठली! पंचक्रोशीत कुणी असलं ऐकलं नव्हतं. वऱ्हाड परत गेलं. गावकी देवळात बसली. चंद्रावतीनं माफी मागावी असं ठरलं. ती म्हणाली, चुकले असते तर मागितली असती. झालं, तिला वाळीत टाकलं. तिच्या उंबऱ्यात कुणी पाय ठेवायचा नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही, देणंघेणं नाही, आणि तिनं कुठल्या लग्नात गायचं नाही. मोडेल त्याला दंड. ती विहिरीवर गेली की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या, आणि ती गेल्यावर एकमेकींकडे बघायच्या.

प्रकरण पेणपर्यंत गाजलं. कुणी म्हणे, बाईनं पोर वाचवली. कुणी म्हणे, भरल्या मांडवातून उठून तिनं पोरीच्या कपाळी कायमचा डाग लावला. मग पेणच्या काही मान्यवरांनी तिला पाठिंबा द्यायचं ठरवलं. तिला पाठिंबा द्यायचा होता आणि नाथा पाटलाच्या हातातली गावंही दुखवायची नव्हती. अशा वेळी आपल्याकडे जे जन्माला येतं ते जन्माला आलं, म्हणजे निवेदन. "सदर घटनेच्या अनुषंगाने, परंपरेचा आदर व कायद्याचा मान राखून, संबंधित महिलेच्या भावनांचा सर्व बाजूंनी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, अशी आमची भूमिका आहे." खाली सह्या. गडबच्या बाजारात वाचायला अब्बासभाईंना बोलावलं.

अब्बासभाईंनी कागद उलटा करून मागंही पाहिलं. "ह्यात बाईचं नाव नाय."

"नाव घातलं की बाजू घेतल्यासारखं होतं ना," मान्यवर म्हणाले.

अब्बासभाईंनी ते वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून नाही म्हणता येईना. गडबच्या बाजारात, सुक्या मासळीच्या पाट्यांसमोर रिक्षा उभी करून त्यांनी ते दोनदा वाचलं. लोकांनी ऐकलं आणि पुन्हा मासळीचा भाव करायला लागले. तेवढ्यात एक बाई रिक्षाजवळ आली. गावात तिला कुणी वाणसामान देत नव्हतं, म्हणून ती गडबला पायी आली होती. हातात पिशवी होती.

"भाय," तिनं विचारलं, "आता वाचलात ते माझ्याबद्दल हुतं का?"

अब्बासभाईंनी तिच्याकडे बघितलं. ही चंद्रावती. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "मला वाटलं पान्याच्या पायपाचं काय असंल."

ती गेली. अब्बासभाईंनी त्या दिवशी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. रशिदानं विचारलं तेव्हा म्हणाले, "आज माझ्या भोंग्यातून एक निवेदन गेलं. कोण नाय, कुठं नाय, कधी नाय." मग म्हणाले, "मी पण बाजू घेत नाय. ती माणसं पण घेत नायत. मग माझ्यात न त्यांच्यात फरक काय?" रशिदानं त्यांचं ताट वाढलं. माणसाला खरंच लागलंय हे तिला दिसत होतं.

वैशाख लागला तशी चंद्रावती स्वतःच अष्टमीला आली. बरोबर तिची मुलगी नमिता, चांगली एकवीस वर्षांची, शिवणकाम करून चार पैसे कमावणारी. नमिताचं लग्न रोह्याच्या पलीकडच्या एका घरात हे सगळं व्हायच्या आधीच ठरलं होतं. नवऱ्याकडची माणसं सरळ होती, त्यांनी शब्द फिरवला नव्हता. पण नवऱ्याच्या बापानं एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. मुलाची उष्टी हळद घेऊन आम्ही येऊ, मांडवात माणसं नसली तरी चालेल. मात्र धवल्याशिवाय हळद लावलेली आमच्याकडे चालत नाही. धवला झाला नाही, तर हळदीची वाटी जशी आणली तशी परत नेऊ.

आणि धवला म्हणणार कोण? आईनं स्वतःच्या मुलीचा धवला म्हणायचा नसतो, तिनं पाटावर मुलीशेजारी बसायचं असतं. आजूबाजूच्या धवलारणींना नाथा पाटलाचा निरोप गेला होता. एकीनंही सुपारी घेतली नाही. आवतण द्यायला चंद्रावती दारोदार गेली, तर दारं लागली.

"तुमी सांगा भोंग्यावरून," ती म्हणाली. "सांगा की चंद्रावतीची चूक नव्हती. सांगा की तिनं पोरीचं भलं केलं."

"ते मी नाय सांगणार," अब्बासभाई म्हणाले.

चंद्रावतीचं तोंड उतरलं. नमिता ताडकन म्हणाली, "आई, चल गो. हे पण तसलेच."

"बस पोरी," अब्बासभाई म्हणाले. "मी 'भलं केलं' म्हटलं, की गाव भांडत बसंल, भलं का वायट. भांडायला लोकांना आवडतं. मी असं सांगीन, की त्यांना भांडताच येणार नाय. तुमचं नाव सांगीन. नाव, ठिकाण न वेळ."

"एवढंच?"

"एवढंच. पण नाव सांगीन."

नमिताला ते पटलं नाही. चंद्रावतीला पटलं की नाही कोण जाणे, पण तिच्यापाशी दुसरं होतं काय?

हळदीच्या आदल्या दिवशी रिक्षा त्या गावात शिरली. दुपारची वेळ, माणसं ओट्यावर बसलेली. भोंगा वाजला, "चंद्रावती यांची मुलगी नमिता हिची हळद उद्या संध्याकाळी आहे. ठिकाण, चंद्रावती यांचा मांडव. सगळ्या गावाला आवतण आहे. हळदीला धवलारीण नाही. जिला धवला येतो, तिनं यावं. चंद्रावती यांची मुलगी नमिता..."

तीन महिने ज्या बाईशी बोलायची गावात बंदी होती, तिचं नाव वरच्या आळीत घराघरात शिरलं. ओट्यावरची माणसं उठून आत गेली, पण आत जाऊन ऐकत राहिली.

नाथा पाटील रिक्षासमोर आडवा उभा राहिला. "अब्बासभाय, तू तिची बाजू घेतोस?"

"मी काय खोटं बोललो ते सांगा, पाटील. परत फिरून, ते चूक हुतं म्हणून सांगतो."

पाटील मनात एकेक तपासू लागला. हळद उद्या नाही? मांडव तिचा नाही? धवलारीण आहे? "तुमच्या भावाच्या मयताला पण मी आलो हुतो," अब्बासभाई म्हणाले. "तवा पण असंच बोललो हुतो. नाव, ठिकाण, वेळ. तवा तुमी माझा हात धरून रडलात."

"गणपतीत ह्या बाजूला तुझा भोंगा वाजायचा नाय, ध्यानात ठेव," पाटील म्हणाला आणि बाजूला झाला. ही धमकी पोकळ नव्हती. गणपतीतल्या कामावर अब्बासभाईंचं निम्मं वर्ष निघायचं.  तरी खालच्या आळीत जाऊन त्यांनी उरलेलं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते रशिदाला घेऊन आले. मांडव नेटका घातला होता. आंब्याचे टाळे, शेणानं सारवलेली जमीन, मध्ये पाट. आणि माणूस नाही. चंद्रावती, तिचा नवरा, मिथुन, नमिता, एवढीच घरची. रशिदा पदर खोचून चुलीकडे गेली, कारण एवढ्या शांततेत नुसतं बसणं तिला सोसेना. थोड्या वेळानं टेम्पोतून नवऱ्याकडची माणसं उतरली. त्यांच्यातल्या करवलीच्या हातात हळदीची झाकलेली वाटी होती. नवऱ्याच्या बापानं इकडेतिकडे बघितलं, बाकड्यावर बसला, आणि वाटी करवलीच्याच मांडीवर राहिली.

सूर्य खाडीकडे कलला. नमिता हिरव्या साडीत खाली मान घालून बसली होती. चंद्रावतीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पदर तोंडाशी धरला. जिनं शेकडो पोरींना हळद लावली, तिच्या पोरीला चार ओळी मिळेनात. अब्बासभाई रिक्षापाशी उभे होते. काय करावं त्यांना सुचत नव्हतं. खरं बोलून काहीच झालं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

तेवढ्यात समोरून, वाटेच्या पलीकडून, पाटलाच्या ओट्यावरून हाक आली.

"अब्बास! तुझी वायर हिकडपतूर येल का रं?"

ही ठमाबाई. नाथा पाटलाची आई. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी बसलेली. पण तिच्या काळची ती धवलारीण, आणि चंद्रावतीला धवला शिकवला तो हिनंच. गावाला हे माहीत होतं. गाव विसरलं होतं एवढंच.

गणपतीच्या मंडळांसाठी अब्बासभाईंकडे वायरचं मोठं भेंडोळं असायचं. त्यांनी ते उलगडलं. वायर वाट ओलांडून ओट्यापर्यंत पोचली.

"आत्या," अब्बासभाई हळूच म्हणाले, "गावकीचा हुकूम..."

"हुकूम मला पाठ हाय," ठमाबाई म्हणाली. "उंबऱ्यात पाय नाय ठेवायचा, बोलायचं नाय, देनंघेनं नाय. मी माझ्या ओट्यावरना उठत नाय. कुनाशी बोलत पन नाय. माझ्या घरात बसून मी गानार, त्याला कुनाचा दंड हाय?" मग मांडवाकडे तोंड करून म्हणाली, "त्या दिसाला त्या मांडवातून उठाया मी पायजे हुते रं. नात माझी हुती. मी बसून रायले न ती उठली."

तिला माइक पेलवेना. आतून ऋतुजा आली. जिचं लग्न मोडलं तीच. फ्रॉक घातलेली, दोन वेण्या. तिनं आजीच्या हातातून माइक घेतला आणि तिच्या तोंडाशी धरला.

ठमाबाईनं आधी देवांना आवतण दिलं, मग गावदेवीला, मग खाडीला. आवाज म्हातारा झाला होता, पण चाल पक्की होती. दोन्ही कर्ण्यांतून तो मांडवात आला. नवऱ्याचा बाप बाकड्यावरून उठला. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि करवलीला खूण केली. वाटीवरचं झाकण निघालं. चंद्रावती पाटावर बसली आणि तिला हुंदका आवरला नाही.

धवला एकटीनं म्हणायचा नसतो. धवलारणीमागे बायका ओळ उचलतात. ठमाबाईची पहिली ओळ संपली आणि क्षणभर कुणीच उचलली नाही. मग कुठल्याशा दारातून एक आवाज आला. मग दुसऱ्या. बायका आपापल्या उंबऱ्याच्या आत उभ्या राहून गात होत्या. कुणी बाहेर पाऊल टाकलं नाही. वरच्या आळीनं ओळ उचलली, ती खालच्या आळीनं पुढे नेली.

देवळाकडून नाथा पाटील आणि पंच धावत आले. "बंद कर ते!"

"माइक तुमच्या आईसमोर हाय," अब्बासभाई म्हणाले. "तुमी घ्या काढून."

पाटलानं ओट्याकडे बघितलं. पुतणी माइक धरून उभी होती आणि त्याच्याकडे डोळे वर करून बघत होती. त्याचे पाय पुढे गेले नाहीत. पण पंचांसमोर काहीतरी तर करायला हवं. तो म्हणाला, "मग असं सांग. ह्या धवल्याला गावकीचा पाठिंबा नाय. आत्ताच्या आत्ता सांग."

"गावकीचं निवेदन हाय, सांगायलाच पायजे," अब्बासभाई म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. कडवं संपेपर्यंत ते थांबले. मग ऋतुजाकडून माइक घेतला.

"एक निवेदन. या धवल्याला गावकीचा पाठिंबा नाही. निवेदन करणार, गावकीचे प्रमुख नाथा पाटील. धवला म्हणणार ठमाबाई, नाथा पाटील यांच्या आई. ठिकाण, नाथा पाटील यांचा ओटा. माइक धरणार ऋतुजा, नाथा पाटील यांची पुतणी. मागून म्हणणार काशीबाई, पंच जनू म्हात्रे यांच्या पत्नी. धोंडुबाई, गावकीच्या खजिनदारांच्या पत्नी. बायजाबाई, देवळाच्या पुजाऱ्यांच्या आई..."

ते एकेक ओळखीचं दार बघत होते आणि एकेक नाव सांगत होते. आवाजात ना टोमणा, ना हसू. मयताची बातमी सांगावी, सभेची वेळ सांगावी, तसं. पंच एकमेकांची तोंडं बघायला लागले. खालच्या आळीत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग हसू घराघरातून पसरत गेलं. दंड करायचा तर कुणाच्या घरापासून सुरुवात करणार?

"बास कर," नाथा पाटील पुटपुटला.

ऋतुजानं माइक परत घेतला. आणि दोन्ही कर्ण्यांतून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ठमाबाईचा आवाज आला, "नाथा, तांब्याभर पानी आन. घसा सुकला माझा."

नाथा पाटलानं पंचांकडे पाहिलं. मग आत गेला आणि आईसाठी पाणी घेऊन आला. तिचं पिऊन होईपर्यंत तांब्या धरून उभा होता. नमिताला हळद लागली.

परतताना रशिदा रिक्षात मागे बॅटरीला टेकून बसली होती. गडब गेलं, नागोठणं गेलं. अष्टमीचा पूल आल्यावर अब्बासभाई म्हणाले, "मांडवातलं कालवण तू केलं हुतंस?"

"व्हय."

"झकास झालं हुतं."

रशिदा सांगते, तिनं आधी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

गावकीनं बंदी उठवल्याचं कधी जाहीर केलं नाही. बंदी होती असंच कुणी म्हणेना. त्या वर्षी गणपतीत मात्र त्या बाजूचं एकही काम अब्बासभाईंना आलं नाही, घरात ओढाताण झाली. पुढच्या वर्षी दोन मंडळं परत आली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळी. चंद्रावतीच्या दारात सुपाऱ्या यायला लागल्या. ठमाबाई गेली, तेव्हा अब्बासभाईंनी नाव, ठिकाण, वेळ सांगितली, आणि ओट्यासमोर आल्यावर भोंगा बंद करून थोडा वेळ उभे राहिले. पेणच्या मान्यवरांनी एका समारंभात या सगळ्याचं श्रेय आपल्या निवेदनाला दिलं. त्यावर मी काही बोलत नाही. माझी जीभ अब्बासभाईंइतकी सरळ नाही.

नव्व्याण्णवच्या वैशाखात नाथा पाटील अष्टमीला आला. केस पिकलेले, आवाज खाली आलेला. ऋतुजाचं लग्न ठरलं होतं. बारावी झाली होती, रोह्यात एका दवाखान्यात कामाला होती. धवला चंद्रावती म्हणणार होती. पाटील म्हणाला, "तुझ्या तोंडून आवतण गेलं पायजे, अब्बासभाय. मी पण रिक्षात बसतो."

वरच्या आळीत रिक्षा शिरली. भोंगा वाजला. "नाथा पाटील यांची पुतणी ऋतुजा, वय वर्षं वीस, हिचं लग्न येत्या गुरुवारी आहे. ठिकाण, नाथा पाटील यांचा मांडव. सगळ्या गावाला आवतण आहे."

इतक्या वर्षांत अब्बासभाईंनी कुठल्याही आवतणात नवरीचं वय सांगितलं नव्हतं. ओट्यावरची माणसं बघायला लागली.  रिक्षा वळणावर आली, तेव्हा मागच्या सीटवरून नाथा पाटलानं पुढे वाकून अब्बासभाईंच्या खांद्याला हात लावला.

"खालच्या आळीत ऐकायला गेलं नसंल," तो म्हणाला. "वय परत सांग."